गोदाआत्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही

गोदाआत्या भावाला जेवायला वाढायच्या तेव्हा त्याच्या ताटाकडे बघायच्याच नाहीत. बघायच्या तोंडाकडे. तो घास चावत असायचा आणि ह्या कालवणाचा डाव हातात धरून शेजारी उभ्या. त्यानं "बस" म्हटलं की एक डाव, "अगो बस" म्हटलं की आणखी एक. त्यानं ताटावर आडवा हात धरला की तो हात अलगद बाजूला करून पुन्हा वाढायच्या आणि वर म्हणायच्या, "मन मारू नये दादूस मानसानं." भाऊ हसायचा, ढेकर द्यायचा आणि खायचा. मी लग्न होऊन कोपरखैरण्याला आले त्याच आठवड्यात हा देखावा उघड्या दारातून पाहिला आणि नवऱ्याला म्हटलं, "आमच्या साताऱ्याकडे आईसुद्धा एवढं प्रेम करत नाही." नवरा म्हणाला, "भाडं वेळेवर गेलं म्हणजे झालं. त्यांच्या प्रेमाचं आपल्याला काय करायचंय?"

तो भाऊ म्हणजे दामूशेठ, आमचे घरमालक. जुन्या गावात त्यांचं दुमजली घर होतं आणि मागच्या अंगाला भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांची ओळ. त्यातली कडेची आमची. घरात दामूशेठ, त्यांची बायको हौसाबाई, मुलगा प्रकाश, ज्याला सगळं गाव पक्या म्हणायचं, धाकटी मुलगी सुगंधा, आणि दामूशेठची बिनलग्नाची बहीण गोदाआत्या. नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात गेला की मी दिवसभर एकटी, त्यामुळे माझा मुक्काम बहुतेक त्यांच्या मागच्या दारी असायचा. गोदाआत्या उंच, काळ्याभोर, पाठीचा कणा असा सरळ की वयाचा अंदाज येऊ नये. तरुणपणी मिठागरात डोक्यावरून मीठ वाहून मान जाड झालेली, आणि तळपायांच्या भेगा कितीही घासल्या तरी पांढऱ्याच. मला त्या कधी नावानं हाक मारत नसत. "गो सातारकरनी," म्हणायच्या, आणि त्यात अशी काही माया असायची की मी हातातलं काम टाकून जायची.

त्या घरात सोफा होता, त्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, पण गोदाआत्या त्यावर कधी टेकल्या नाहीत. त्यांची जागा उंबऱ्याशी. नवं लुगडं आणलं तर, "मना काय करायचाय? वयनीला दे." पापलेटचा मधला तुकडा कुणी वाढला तर, "मना काय करायचाय? पक्याला घाल." दुसऱ्याला "मन मारू नये" आणि स्वतःला "मना काय करायचाय" ही दोनच वाक्यं त्या बाईनं जन्मभर वापरली, असं म्हटलं तरी चालेल. गावातल्या बायका सुनांना सांगायच्या, गोदीकडं बघा आणि शिका.

गोदाआत्यांचा लौकिक खरा वाढला तो जमिनीच्या वेळी. त्या वर्षांत गावात तोंड उघडलं की एकच विषय निघायचा, साडेबारा टक्के. गाववाल्यांची भातशेती आणि मिठागरं घेऊन सरकारनं शहर वसवलं होतं आणि आता त्यातला थोडा वाटा भूखंडाच्या रूपानं परत मिळणार होता. भूखंड हातात पडायच्या आधीच बिल्डर दारात पेढे घेऊन उभे. पण जमीन बापाची, म्हणजे बहिणींचीही. त्यांनी हक्क सोडल्याचा अंगठा दिल्याशिवाय भावांचं गाडं हलेना. मग काय, घरोघर महाभारत. ज्या बहिणींना वर्षानुवर्षं कुणी विचारलं नव्हतं त्यांच्याकडे भाऊ मिठाईचे पुडे घेऊन जायला लागले, आणि त्या बहिणीही पुडे ठेवून घेऊन अंगठा नाकारायला लागल्या. कितीतरी घरांतली भाऊबीज त्या वर्षांत बंद पडली ती पुन्हा सुरू झाली नाही.

गोदाआत्या मात्र भावाच्या नव्या मारुतीत बसून कचेरीत गेल्या, अंगठा उठवला आणि पदराला शाई पुसत घरी येऊन भात टाकला. मागितलं काय, तर आईची पुतळ्यांची माळ होती तशीच्या तशी एक माळ. दामूशेठनी त्याच आठवड्यात करून आणली. गावानं बहिणीचं कौतुक केलं आणि भावाचंही. मला मात्र राग आला, सांगून टाकते. माझ्या भावांनी मला एक साडी नेसवून माझी सही घेतली होती आणि त्या साडीची घडी मी अजून मोडलेली नव्हती. मी म्हटलं, "आत्या, एवढ्या मोठ्या वाट्यावर पाणी सोडलंत, आणि एका माळेवर?" त्या जवळा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती माल माजीच व्हती गो."

मग त्यांनी ती हकिगत सांगितली. जवळ्यातला कचरा चिमटीनं काढत, जणू दुसऱ्या कुणाची सांगावी तशी.

त्यांची सोयरीक जासई गावात जमली होती. मुलगा त्यांनी जत्रेत पाहिला होता आणि तो त्यांना आवडला होता. हे सांगताना तेवढी एकदाच त्यांची चिमूट थांबली. आईची पुतळ्यांची माळ नवरीच्या गळ्यात घालायची असं ठरलं होतं. मांडव पडला, हळद लागली, दुसऱ्या दिवशी वऱ्हाड येऊन मांडवात बसलं. जासईच्या म्हाताऱ्यांनी पुतळ्या विचारल्या. आईनं माळ ठेवलेल्या मडक्यात हात घातला तर मडकं रिकामं. दामूशेठनी, म्हणजे तेव्हाच्या दामूनं, ती माळ विकून घाटावरून शर्यतीचा बैल आणला होता. बैल परसात बांधलेला होता आणि सगळ्यांना वाटलं होतं, मित्राचा असेल.

"जासईवाले दुपारपरयंत बसले. मंग उठले. मी हलद लावलेली, तशीच पाटावर."

"आणि तुमच्या आई? त्या काही बोलल्या नाहीत दामूशेठना?"

"बोलली ना. बोलली, पोराचा मन व्हता, मारायचा कसा?" गोदाआत्यांनी सूप पाखडलं. "बैल चांगला व्हता पन. त्या साली पयला आयला. गावानं हार घातले त्याला. मना बोलले, गोदे, तू पन घाल. घातला."

हळद लागून राहिलेली मुलगी पुन्हा कोण करतो? ती मिठागरात गेली. मिठाच्या पाण्यात उभं राहिल्यावर हळदीचा रंग लवकर जाईल असं तिला वाटलं होतं, असंही त्यांनी हसत हसत सांगितलं. मी रडले. त्यांनी मला जवळ्याचं सूप दिलं आणि म्हणाल्या, "डोले पूस आन निवड."

त्यानंतरची वर्षं मी त्या घराच्या मागच्या दारात बसून पाहिली आणि मला फार उशिरापर्यंत काही कळलं नाही. सगळं इतकं प्रेमाचं चाललं होतं. भूखंड बिल्डरला गेला आणि पैसा आला. दामूशेठना पुन्हा बैल हवे झाले. हौसाबाई म्हणाली, "आता कशाला? वय काय तुमचं?" तर गोदाआत्या म्हणाल्या, "वयनी, त्याचा मन हाय." बैल आले, गडी आले, बैलांसाठी पंखे लागले. मग महापालिकेची पहिली निवडणूक आली. दामूशेठना लोक सहज गमतीनं म्हणाले, उभे राहा. घरी येऊन त्यांनी ते सांगितलं तेव्हा ते स्वतःच हसत होते. गोदाआत्या हसल्या नाहीत. "दादूस, तुज्यासारका मानूस गावात दुसरा कंचा? मन मारू नको." दामूशेठ उभे राहिले. प्रचाराच्या दिवसांत त्या अंगणात रोज बोकड कापला जायचा आणि आमच्या खोलीपर्यंत पंगती बसायच्या. मतं कुठं गेली देव जाणे. निकालाच्या दिवशी गोदाआत्यांनी भावाला नारळाच्या रसातल्या शेवया करून घातल्या.

पक्याला बारमधली एक मुलगी आवडली. त्या काळात हायवेच्या कडेनं लेडीज बार बुजबुजले होते आणि जमिनीचा पैसा आलेली पोरं तिथं नोटा उधळायची. बापाला आणि आईला पत्ता नव्हता, गोदाआत्यांना होता. एक दिवस भरदुपारी त्या डब्यात तळलेली पापलेटं घेऊन त्या मुलीच्या खोलीवर जाऊन आल्या. मला येऊन म्हणाल्या, "बगून आले. चांगली हाय. पक्याला शोभतंय." आणि पक्याला म्हणाल्या, तिला अशा खोलीत ठेवतात का रे? पक्यानं तिला सीवूड्सला फ्लॅट घेऊन दिला. पैसे आईकडून आत्याच आणून द्यायच्या. आई म्हणायची, एवढे कशाला हवेत? आत्या सांगायच्या, पोराला धंदा करायचाय, मन मारू नको. त्याच दमात हौसाबाईलाही म्हणायच्या, तुझ्या हातात पाटल्या कशा भरलेल्या दिसतील. हौसाबाईच्या हातात पाटल्या आल्या आणि काही दिवसांनी त्या गहाण पडल्या, तेव्हा त्या गहाण टाकायलाही आत्याच सोबत गेल्या.

दामूशेठना साखर निघाली. डॉक्टरनी गोड बंद केलं, पायाला जखम झाली तर धावत या म्हणून बजावलं. जखम झाली. पायाचं एक बोट कापावं लागलं. दवाखान्यातून आणलं त्या संध्याकाळी मी विचारपूस करायला गेले तर चुलीवर गूळ विरघळत होता आणि गोदाआत्या नारळ खवत होत्या.

"आत्या, गोड नको ना त्यांना? डॉक्टर काय म्हणाले?"

"तोच मागतंय. नाय कसा बोलू?"

"तुम्ही नाही म्हटलं तर ऐकतील ते तुमचं."

त्यांनी खवणीवरून हात काढला. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, उलट एखादी गोष्ट समजावून सांगायची असावी तसा चेहरा होता.

"शर्यतीच्या बैलाला काय चारतात ठाव हाय तुला, सातारकरनी? अंडी, तूप, गुल, बदाम. घरच्या पोराला नाय मिलत ते बैलाला मिलतं. मंग तो पलतो. त्याला पल बोलायला लागत नाय. छाती फुटंपरयंत पलतो."

मी एवढंच म्हटलं, "आत्या, भाऊ आहे तो तुमचा."

"मंग? मी कुनाला मारलं नाय. मी चारलं."

आणि त्या पुन्हा नारळ खवायला लागल्या. मी खोलीत येऊन दार लावून बसले. पण खोटं कशाला सांगू, भीतीच्या तळाशी मला बरंही वाटलं. माझ्या भावांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढं आली, आणि त्या रात्री मी ती न मोडलेली साडी काढून बोहारणीसाठी दाराशी ठेवली.

गोदाआत्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही, असं मी वर लिहिलंय ते अगदी खरं नाही. एका माणसाला त्या नाही म्हणायच्या. सुगंधाला. दुसरी कुल्फी मागितली तर नाही. केबलवर पिक्चर बघत बसली तर नाही. महागाचा ड्रेस हवा म्हणाली तर, "आदी शिवायला शीक, मंग घाल." सगळ्यांचे लाड करणारी आत्या आपल्यालाच का टोकते, असं त्या पोरीला वाटायचं का, कोण जाणे. मला तर सगळं कळल्यावर उलटंच दिसायला लागलं. ज्या पोरीवर जीव होता तिला ती बाई काहीही चारत नव्हती. रात्री तिला कुशीत घेऊन झोपायची, तिच्या केसांना तेल लावायची, आणि ती नवी माळ तांदळाच्या पिंपात खोल पुरून ठेवली होती ती तिच्यासाठी. मला दाखवली होती एकदा. तांदळातून हात बाहेर काढला तेव्हा मनगटापर्यंत पांढरा झालेला आणि मुठीत पिवळ्या पुतळ्या. "हीच्या गल्यात घालून हीला जासईला धाडनार," म्हणाल्या.

"जासईलाच का?"

"तितंच."

"मना काय करायचाय" म्हणणाऱ्या बाईला काहीतरी हवंय, हे मी पहिल्यांदा पाहत होते. आणि हवं होतं ते एवढंच. ह्या घरातली एक पोर गळ्यात पुतळ्या घालून जासईच्या उंबऱ्यातून आत गेली पाहिजे.

सुगंधा गोड पोर होती. बाप हरला तर ती रडायची, भाऊ पिऊन आला तर त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायची. एकदा अंगणात आंबे वाटत होते. तिच्या वाट्याचा आंबा तिनं पक्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मना काय करायचाय?" बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, आत्यावर गेलीय हो! गोदाआत्या उठल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी पोरीच्या गालावर चापट मारली. "तुजा तू खा!" पोर बावरली. आंबा परत घेतला, पण खाल्ला नाही, आणि आत्या लांब गेल्यावर पुन्हा भावाला दिला.

जासईचं स्थळ गोदाआत्यांनी शोधून आणलं. मुलगा कंटेनर यार्डात नोकरीला, स्वभावानं बरा. त्यांनीच बोलणी केली आणि पुतळ्यांची माळ घालू असं त्यांनीच कबूल केलं. तोवर दामूशेठकडे काही उरलं नव्हतं. बैल गेले होते, मारुती गेली होती, घर गहाण होतं. पण आमच्या त्या गावात हळद साधी होत नाही. लग्न एक वेळ आटोपतं घेतील, हळदीला मात्र गाव जेवलंच पाहिजे, नाचलंच पाहिजे. दामूशेठनी बेंजो पार्टी ठरवली, स्टेज ठरवलं, मटणाच्या पातेल्यांची वर्दी दिली, आणि पैसा कुणालाच दिला नाही. हळदीच्या दुपारी खाटीक दारात उभा राहिला. आधी पैसे, मग मटण. मांडववाला कनात सोडायला लागला. दामूशेठ मागच्या अंगणात, आमच्या खोलीसमोर, लाकडी खुर्चीवर बसले आणि लहान मुलासारखे हमसून रडले. गाव काय म्हणेल, गाव काय म्हणेल, एवढंच चाललं होतं. अंगाला हळद लागलेली सुगंधा धावत आली आणि त्यांच्या पायाशी बसली. बापानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आणखी रडला. त्या वेळी गोदाआत्या पुढच्या अंगणात बायकांमध्ये बसून हळदीची गाणी म्हणत होत्या. त्यांचा आवाज मला खोलीत ऐकू येत होता. एवढा मोकळा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

हळद जोरात झाली. खाटीक हसत आला, बेंजो वाजला, दामूशेठ एका पायावर तोल सावरत नाचले. मी समजले, कुठून तरी उसने मिळाले असतील.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड मांडवात बसल्यावर गोदाआत्या माळ काढायला आत आल्या. सुगंधाला मुंडावळ्या बांधत होतो आम्ही. त्यांनी पिंपाचं झाकण काढलं आणि तांदळात हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. मग दोन्ही हात. तांदूळ जमिनीवर सांडायला लागले तेव्हा सुगंधा म्हणाली,

"आत्या, शोधू नको. मी बाबांना दिली काल."

गोदाआत्या पिंपावर वाकलेल्या तशाच राहिल्या.

"बाबा रडत होते गो. त्यांचा मन होता, सगलं नीट व्हावं. कसा मारायचा?" आणि ती हसली, अगदी निर्मळ. "मना काय करायचाय पुतल्या घालून?"

मी आत्यांकडे बघू शकले नाही. त्यांच्या आईनं ज्या वाक्यानं त्यांचा गळा कापला ते वाक्य, आणि ज्या वाक्याआड दडून त्यांनी सगळ्या घराचा गळा कापला ते वाक्य, दोन्ही त्या पोरीनं एका दमात म्हटली होती. त्या दोन्ही वाक्यांवर तिचा मनापासून विश्वास होता. तिनं आत्याकडे पाहून पाहून चांगुलपणा शिकला होता. तो चांगुलपणा नव्हता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर जासईच्या म्हाताऱ्यांनी पुतळ्या विचारल्या. दामूशेठनी मान खाली घातली. कुजबूज झाली, दोन बायकांनी नाकं मुरडली. मग मुलाचा बाप उठला आणि म्हणाला, "पोर चांगली हाय. पुतल्या मागनं द्या. चला, मुहूर्त चुकतंय." लग्न लागलं आणि वऱ्हाड नवरीला घेऊन गेलं. मांडवात कागदी पत्रावळी तेवढ्या उरल्या. गोदाआत्या पाटावर बसल्या होत्या. मी जवळ गेले.

"येवढंच?" त्या मला म्हणाल्या. "मागनं द्या बोलले, आन घेऊन गेले? येवढंच व्हतं? माज्या वक्ताला कुनी असं बोललं नाय गो."

पुढं घर मागच्या खोल्यांसकट गेलं. पक्या त्या मुलीच्या मागं कुठं उत्तरेकडे गेला आणि परतला नाही. हौसाबाई भावाकडे निघून गेली. दामूशेठ आणि गोदाआत्या आमच्या शेजारच्या खोलीत आले, स्वतःच्याच खोल्यांमध्ये भाडेकरू म्हणून, आणि माझा नवरा त्यांनाही भाडं वेळेवर द्यायची आठवण करून द्यायचा. गोदाआत्या सेक्टरमधल्या फ्लॅटांत भांडी घासायच्या आणि भावाला पोसायच्या. पण आता ताटात बिनसाखरेची पेज आणि पालेभाजी. दामूशेठ शेवया मागायचे, गूळ मागायचे, रडायचे. "नाय," म्हणायच्या. तोंडाकडे न बघता ताट ठेवायच्या. त्यामुळे ते जगले. हे त्यांनी प्रेमानं केलं की आणखी मोठ्या सुडानं, हे मी त्यांना विचारलं नाही. मला वाटतं, त्यांची चवच गेली होती.

सुगंधाकडे आम्ही दोघी एकदा जासईला गेलो. सासू तोंडभरून कौतुक करत होती. "सोन्यासारकी सून. काय मागत नाय बाय. साडी नको, औषद नको, सगल्यांचं झाल्यावर उरलं तर जेवतंय." न मागणाऱ्या सुनेची सवय घराला फार लवकर लागते. यार्डातल्या माणसांचे डबे ती पोर करत होती, कडेवर एक मूल, पोटात दुसरं, मनगटं काडीसारखी. नवरा वाईट नव्हता. त्यानं कधी विचारलं नाही आणि हिनं कधी सांगितलं नाही, इतकंच. आम्हाला पाहून हसली, आम्हाला वाढलं, आणि स्वतः उंबऱ्याशी बसली. घरी येताना बसमधून उतरल्यावर गोदाआत्या एवढंच म्हणाल्या, "माजं गाव मना बोलायचं तसंच बोलतात तिला."

त्या गेल्या ते साध्या काविळीनं. अंगरखा घातल्यासारखा सगळ्या अंगावर पिवळेपणा चढला होता. दामूशेठ भिंतीला टेकून बसून होते. सुगंधा जासईहून आली ती आल्या आल्या कामालाच लागली. आत्यांचं अंग पुसलं, चूल पेटवली, बापाला पेज दिली, मला चहा दिला, स्वतः काही घेतलं नाही. तिसऱ्या प्रहरी गोदाआत्यांनी डोळे उघडले आणि तिचं मनगट धरलं.

"माग," म्हणाल्या.

"काय मागू?"

"कायपन. साडी माग. शेवया माग. मी हाय तवर माग कायतरी. माज्याकडं माग, मी देतंय."

सुगंधानं त्यांच्या ओठांवरचं पाणी पदरानं टिपलं. "मना काय करायचाय आत्या?" ती म्हणाली. "तू बरी हो, बस."

आत्यांनी मनगट सोडलं नाही. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या बाईच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं.

"सातारकरनी," त्या म्हणाल्या, "हीला तर मी कायच चारलं नवतं गो."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. संध्याकाळी गावातल्या बायका जमल्या. अशी बहीण होणं नाही, अशी आत्या होणं नाही, म्हणून रडल्या. मग त्यांनी सुगंधाकडे बोट दाखवून आपापल्या सुनांना सांगितलं, हिच्याकडं बघा आणि शिका.